माउलीभाऊ नावाचा विद्यार्थी

मंद्रूप,
रविवार, दुपार

प्रिय अंकिता,

पाकिटावर मागे मी नाव टाकलेलं नाही. टाकलं असतं तर तू पत्र फोडायच्या आधीच काहीतरी समजून बसली असतीस, आणि मला सगळं ओळीनं सांगायचं आहे. मी सोनाली. सोलापूरच्या कॉलेजातली, नातेपुत्याची, हॉस्टेलच्या डब्याला कंटाळून दर शनिवारी तुमच्या घरी काकूंच्या हातचं जेवायला येणारी. तुझा पुण्याचा पत्ता काकूंकडून घेतला. तो कसा घेतला ते पुढं येईल.

आपण शेवटचं बोललो ते माझ्या लग्नाच्या आधी. तुझी नोकरी नवी होती, सुट्टी मिळाली नाही, तू लग्नाला येऊ शकली नाहीस. मग माझा नंबर बदलला, तुझाही बदलला असेल. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं राहून गेलं. पण मी तुला शोधलं नाही, त्याला माझ्यापुरतं एक कारण होतं. कॉम्प्युटरच्या वर्गात मी पहिली यायचे. तू प्रॅक्टिकलच्या दिवशी रडकुंडीला आलेली असायचीस. मग मी लॅबमध्ये तुझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि निळ्या पडद्यावर कुठला कंस उघडला, कुठला मिटायचा राहिला, ते बोटानं दाखवायचे. सर म्हणायचे, ही मुलगी अमेरिकेला जाणार. अमेरिका राहू दे, मी पुण्यालासुद्धा गेले नाही. मंद्रूपला दिलं. ह्यांचं इथं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. ‘आमची सून बीसीए हाय’ एवढं पाहुण्यांना सांगण्यापुरतं माझं शिक्षण उरलं. कुणाचा सातबारा ऑनलाइन दिसत नसला, कुणाचा रिचार्ज अडकला की मला हाक यायची. ते करून देता देता मला वाटत राहिलं, की आपल्याला अजून येतं.

येत नाही, हे मला गेल्या जूनमध्ये कळलं, आणि चारचौघांत कळलं. इथल्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायला कुणीतरी हवं होतं. मुख्याध्यापक शिवलिंगप्पा सर अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, शांत माणूस. ते मोटार द्यायला दुकानात आले असताना ह्यांनीच विषय काढला. सर म्हणाले, या एकदा, मुलांना थोडं शिकवून दाखवा, आता पायथॉन आहे अभ्यासाला. मी म्हटलं, येते की. पायथॉन हे नाव कानावरून गेलं होतं. वाटलं, भाषा कुठलीही असो, कंस आणि सेमिकोलन तेच असणार. इस्त्रीची साडी नेसून गेले.

आठवीचा वर्ग होता. मागच्या बाकावर सर आणि आणखी दोन शिक्षक. भिंतीवर पडदा लावलेला, म्हणजे मी टाइप करीन ते सगळ्यांना मोठ्ठं दिसणार. दोन आकड्यांची बेरीज करून दाखवायची होती. कॉलेजातल्या सी भाषेतली, आपल्याला पाठ असलेली ती पहिली ओळ, हॅश इन्क्लूडची, मी धडाधड टाइप केली. मशीन काही बोललं नाही, म्हणून मला धीर आला. नंतर कळलं की पायथॉनमध्ये हॅशनं सुरू होणारी ओळ म्हणजे माणसानं माणसासाठी लिहिलेली टीप, मशीन ती वाचतच नाही. दुसरी ओळ लिहिली आणि लाल अक्षरं आली. कंस बदलला, लाल. सेमिकोलन घातला, काढला, पुन्हा लाल. मुलांत कुजबुज सुरू झाली, मग पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुमी दुसरंच कायतरी लिवताय.’ ती हसत नव्हती गं. तिला माझी काळजी वाटत होती. शेवटी सरांनीच उठून पडदा बंद केला. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, ‘बाई, निवांत शिका. दिवाळीनंतर परत या, तोवर आम्ही थांबतो.’ रागावले असते तर बरं झालं असतं. घरी येताना मी पेठेतून आले नाही, ओढ्याच्या कडेची वाट धरली.

घरात फार काही सांगितलं नाही, शिकावं लागेल एवढंच म्हटलं. दुकानात बिलांसाठी घेतलेला जुना लॅपटॉप आहे. दुपारी दुकान बंद करून हे जेवून आडवे झाले की तो माझा. पहिल्या दिवशी मी पायथॉन नेटवरून उतरवून घेत होते तेव्हा हे शेजारीच होते. किती पैसे पडतात, असं विचारलं. फुकट म्हटल्यावर ह्यांना संशय आला. मी सांगितलं, जगभरची माणसं मिळून हे लिहितात आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवतात. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. हे म्हणाले, ‘म्हंजी मालकच न्हाय व्हय? मग बिघडलं तर कुणाला धरायचं?’ पुढं माझंच बिघडायला लागलं तेव्हा कळलं, की इथं कुणाला धरायचं नसतं, विचारायचं असतं. आणि विचारायचीच तर मला लाज. ‘नमस्कार’ असं पडद्यावर उमटवलं त्या दिवशी मी खूश होते. त्यानंतर जे अडलं ते अडलंच.

मग मोबाइलवर एक गट सापडला. मराठीतून पायथॉन शिकवणारा, कुणाकडून काही न घेणारा. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून ह्यांच्या फोनवरून सामील झाले. तिथं नाव दिसायचं ‘माउली’, आणि फोटो दुकानाच्या पाटीचा. लग्नपत्रिकेवर ह्यांचं नाव ज्ञानेश्वर होतं, पण घरात, गावात आणि पाटीवर माउलीच. ते बदलावं असं माझ्या मनातही आलं नाही. नुसतं वाचायचं तर होतं. बरेच दिवस वाचलं, कोण लिहितंय ते न बघता. मग एका रविवारी धीर करून विचारलं, की ओळ आत का सरकवायची, नाही सरकवली तर काय बिघडतं. इतका साधा प्रश्न. थोड्या वेळानं उत्तर आलं. आधी नीट समजावलं होतं, की आपण पूर्वी कंस घालून जे दाखवायचो ते इथं ओळीपुढची मोकळी जागा दाखवते. आणि खाली लिहिलं होतं, ‘भाऊ, विचारायला लाजू नका. मला कॉलेजात काही म्हणता काही यायचं नाही. माझी एक मैत्रीण शेजारी स्टूल ओढून बसायची, तिनं मला शिकवलं. नाहीतर मी तेव्हाच सोडून दिलं असतं.’ मी ते पुन्हा वाचलं. मग लिहिणारीचं नाव बघितलं.

आता तुला सगळं उमगलं असेल. तरी पत्र मधेच ठेवू नकोस. हो, तो माउलीभाऊ मीच.

त्याच क्षणी लिहायला हवं होतं, अगं, मी सोनाली. लिहायला घेतलंही. पण वर माझा प्रश्न तसाच दिसत होता, ओळ आत का सरकवायची. तू ज्या मैत्रिणीचं कौतुक लिहिलं होतंस तिनं विचारावा असा तो प्रश्न नव्हता. मला वाटलं, आज राहू दे. थोडं शिकते, जरा बरा प्रश्न विचारण्याइतकी होते, मग सांगते. लिहिलेलं पुसलं आणि त्याजागी लिहिलं, ‘धन्यवाद ताई, करून बघतो.’ त्या ‘बघतो’वर बोट अडलं. पण एकदा गेल्यावर पुढचं सोपं झालं. करतो, चुकलो, परत बसतो. एकदा घाईत ‘थकले’ असं गेलं, मागोमाग ‘थकलो’ पाठवलं. तू काही म्हणाली नाहीस. ज्या नवऱ्याचं नाव मी सासूबाईंसमोर अजून घेत नाही, त्याच्या नावानं मी कित्येक महिने तुझ्याशी बोलत राहिले.

आणि तू शिकवतेस किती चांगलं. क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्या व्याख्या मी कॉलेजात पाठ करून लिहिल्या होत्या, त्यात मला मार्कही भरपूर पडले होते. समजलं तेव्हा काहीच नव्हतं, हे आता कळतं. तू सांगितलंस, व्याख्या सोडा, घरातलं काहीतरी घ्या. मी सासूबाईंच्या शेळ्या घेतल्या. शेळी हा क्लास, म्हणजे साचा. तिचं नाव, वय, दूध. मग चांदी, ठिपकी, बांडी ही त्यातली एकेक ऑब्जेक्ट. सासूबाई शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, ‘शेरडाची नावं कशापायी लिवती गं? इकायची हायत काय?’ मी नाही म्हटलं, तरी दोन दिवस त्या माझ्यावर नजर ठेवून होत्या. सेल्फ या शब्दापाशी मात्र मी अडून बसले. जिथं तिथं हा सेल्फ कशाला लिहायचा, ते डोक्यात शिरेना. तू लिहिलंस, ‘माउलीभाऊ, तुम्ही चांदीला हाक मारली तर चांदीच येते ना, सगळा कळप येत नाही. सेल्फ म्हणजे ज्या शेळीला हाक मारली ती.’ मला एकदम लख्ख दिसलं. खूप आनंद झाला, आणि तो आनंद मी तुला ‘समजलं ताई’ या दोनच शब्दांत कळवला. कॉलेजात असं काही जमलं की आपण दोघी कॅन्टीनला जायचो.

मग तो फोन आला. मी एका चुकीत गुंतले होते आणि तू लिहिलंस, थांबा, बोलूनच सांगते. फोन ह्यांच्यापाशी, हे जेवत होते. वाजला तेव्हा मी खुणेनं सांगितलं, बोला तुम्ही. ह्यांनी स्पीकर लावला आणि तुझा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. तसाच आहे, वाक्याच्या शेवटी ‘बरं का’ म्हणायची सवयसुद्धा. तू एकेक पायरी सांगत होतीस, हे ‘व्हय, व्हय, कळालं’ म्हणत होते आणि मी समोर बसून दुरुस्त करत होते. चूक सुटली. तू फोन ठेवणार, तेवढ्यात सहज विचारलंस, ‘पाटीवर मंद्रूप लिहिलंय, तुम्ही तिथलेच ना? माझी एक मैत्रीण तिकडंच दिलीय. सोनाली. माहेर नातेपुते. बघण्यात आहे का तुमच्या?’ ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. हे म्हणाले, ‘न्हाय ताई. असंल कुटंतरी.’ तू म्हणालीस, बरं, कुठं भेटली तर सांगा, अंकिता विचारत होती.

फोन बंद झाल्यावर ह्यांनी ताट बाजूला सारलं. ओरडून बोलणारा माणूस नाही हा. खाली बघूनच म्हणाले, ‘बायकू समोर बसलीया आन् मी म्हनतो वळखत न्हाय. मला असलं पुना सांगू नगं.’ हात धुतले आणि भर उन्हात दुकान उघडायला गेले. त्या दिवशी मी लॅपटॉपला हात लावला नाही. शाळेतल्या पडद्यासमोर मला लाज वाटली होती, पण ती शिकून घालवता येण्यासारखी होती. ही कशी घालवायची ते कळेना. मी स्वतःला तर लपवलंच, पण ज्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला जुनी तार नवी म्हणून दिली नाही, त्या माणसाच्या तोंडून खोटं वदवलं. तुला तिथल्या तिथं फोन लावून सांगितलं असतं तर निभावलं असतं. तेही केलं नाही. पुढचा रविवार आला, आणि माउलीभाऊंनी पुढचा प्रश्न विचारला.

दिवाळीनंतर मी शाळेत गेले. तोच वर्ग, तोच पडदा. मी शेळीचा क्लास करून दाखवला आणि मुलांना म्हटलं, आता तुमच्या घरचं काहीतरी घ्या. कुणी म्हैस घेतली, एकानं ट्रॅक्टर घेतला, त्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं चक्क आपल्या तीन भावांना घेतलं. मागून शिवलिंगप्पा सर म्हणाले, ‘छलो आयतु.’ छान झालं, असं कानडीत. तेव्हापासून मी तिथं शिकवते. मुलं मला बाई म्हणतात. आणि मी त्यांना सेल्फ समजावते तेव्हा वाक्य तुझं असतं.

नोकरीचं मी गटात कळवलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, तूही केलंस. आणि त्याच संध्याकाळी माउलीभाऊंना तुझा वेगळा निरोप आला, गटाबाहेर. तू लिहिलं होतंस, की तुमची बातमी वाचून फार बरं वाटलं. माझी स्वतःची नोकरी गणपतीतच गेलीय. आमची सगळी टीमच काढून टाकली. मुलाखती देतेय, पण कुठं जमत नाहीये. आईला सांगितलेलं नाही. फोन का करत नाहीस असं ती सारखं विचारते, म्हणून बढती मिळाली, काम वाढलंय, असं सांगून ठेवलंय. ओळखीच्या कुणाला सांगायची लाज वाटते. तुम्ही अनोळखी, म्हणून लिहावंसं वाटलं. वाचून विसरून जा. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून ते वाचलं. काय लिहू? माउली नावाचा परका पुरुष तुला काय म्हणणार होता? मी कितीतरी वेळ काहीबाही लिहून पुसलं आणि शेवटी दोन जोडलेले हात पाठवले. तुझ्या एवढ्या मोठ्या गोष्टीला मी तेवढंच उत्तर दिलं. आणि तू त्यानंतरही रविवार चुकवला नाहीस. जगाच्या शंकांना उत्तरं देत राहिलीस.

गेल्या आठवड्यात तांब्याची तार आणायला सोलापूरला गेले होते. तार घेतली आणि शुक्रवार पेठेत तुमच्या घरी गेले. विजयमाला काकूंनी आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर हाताला धरून आत नेलं आणि पानावरच बसवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मला वाढता वाढता म्हणाल्या, ‘आपल्या अंकिताला बढती मिळाली की. लई माणसं हायत आता हाताखाली. बोलायलाबी वेळ नसतो पोरीला.’ तू दिवाळीला पाठवलेली साडी कपाटातून काढून दाखवली. अजून घडी मोडलेली नाही, तू येशील तेव्हा नेसायची म्हणाल्या. मी छान आहे म्हटलं. हातातला घास ताटात ठेवला आणि चटणी तिखट लागली असं सांगितलं. त्यांनी घाईनं दही वाढलं. मग मी तुझा पत्ता मागितला. लग्नाची पत्रिका पाठवायची आहे नणंदेची, असं कारण दिलं. मला नणंदच नाही, अंकिता.

तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे. तू जे माउलीभाऊंना सांगितलंस ते मी वाचलंय. ते माझ्यासाठी नव्हतं, आणि विसरून जा म्हणालीस ते मला जमलं नाही. मला काही माहीत नाही असं दाखवून, कशी आहेस, काय चाललंय, असं साधं पत्रही टाकता आलं असतं. ते मनात येऊन गेलं, खोटं का बोलू. पण तू कशी आहेस ते मला माहीत आहे आणि ते कसं माहीत झालं हे लपवून मला तुझ्याजवळ येता येणार नाही. तुला राग येईल, तो येऊ दे. माउलीला गटातून काढून टाक, हे तर आनंदानं निघतील. काकूंना मी काही बोललेली नाही, बोलणारही नाही. पण तू ये. चार दिवस मंद्रूपला येऊन राहा. माझा स्वतःचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय, तो मीच उचलते. इथं आल्यावर वाटलं तर बोल, नाही तर नुसती झोप काढ. आणि मन झालं तर इथून आपण दोघी शुक्रवार पेठेत जाऊ. काकूंना काय सांगायचं, किती सांगायचं, ते तू ठरव. मी मधे तोंड घालणार नाही. फक्त तू कडी वाजवशील तेव्हा शेजारी उभी असेन.

तुझीच,
सोनाली